रुलेटमध्ये कौशल्य आहे, पण पैज लावण्यात नाही

रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठल्या आकड्याच्या खणात पडेल यावर पैज लावायचा कॅसिनोतला खेळ. त्याची हमखास ‘सिस्टीम’ शिकवणारे हल्ली उदंड झालेत. हिशेब मात्र शाळकरी पोराला जमेल इतका सोपा आहे. युरोपियन चाकावर 0 ते 36 असे 37 खण: 18 लाल, 18 काळे आणि एक शून्याचा. आकडा लागला तर एका चिपेवर (पैशाऐवजी लावायची चकती) 35 चिपा मिळतात, बरोबरीच्या हिशेबानं मिळायला हव्यात 36. ही मारलेली चिप म्हणजेच कॅसिनोचे 2.7 टक्के. अमेरिकन चाकावर 00 वाढतो, बक्षीस तेवढंच राहतं, आणि कॅसिनोचा वाटा 5.26 वर जातो. लाल-काळं लावा नाहीतर डझन (बारा आकड्यांचा गट), टक्का तोच. (अपवाद 0, 00, 1, 2, 3 या पाच आकड्यांच्या पैजेचा: 7.89. ती कोण लावतं देव जाणे.)

मग लाल-काळ्यावर ‘हरलं की दुप्पट’? जिंकलं की मागचं सगळं भरून निघतं आणि वर एक चिप नफा. 1, 2, 4 करत सलग सात डाव गेले की 127 चिपा गेल्या. आठव्याला 128 लागतात, आणि टेबलाची कमाल मर्यादा बहुतेक तिथेच कुठेतरी आडवी येते. युरोपियन चाकावर सलग सात हरण्याची शक्यता साधारण 106 मध्ये एक. म्हणजे 105 वेळा एकेक चिप कमवायची नि एकदा 127 घालवायच्या. करा वजाबाकी! मधले जिंकण्याचे दिवस भरपूर असतात, म्हणून तर माणूस गळाला लागतो. 1913 मध्ये माँटे कार्लोत काळा सलग 26 वेळा आला. ‘आता लालच’ म्हणत लोक पैसे ओतत राहिले. प्रत्येक डावाला लालची शक्यता 37 पैकी 18च होती.

खरं कौशल्य चाक वाचण्यात. खणांच्या पट्ट्या सैल झाल्या, चाक किंचित कललं, की काही आकडे जास्त येतात. माद्रिदमध्ये गार्सिया-पेलायो कुटुंबानं 1990च्या दशकात अशाच नोंदी ठेवून कॅसिनोला घाम फोडला. पण हे काम चिकाटीचं आहे. 3700 डावांत प्रत्येक आकडा सरासरी 100 वेळा यायला हवा, आणि निर्दोष चाकावरही एखादा सहज 120 गाठतो. त्यामुळे दोन-तीनशे डावांच्या नोंदीवरून ‘गरम आकडा’ सांगणाऱ्याकडे लक्षच देऊ नका.

दुसरी वाट भौतिकशास्त्राची. 1961 मध्ये एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांनी अंगावर लपवायचा छोटा संगणक बनवला. बुटातला स्विच पायाच्या अंगठ्यानं दाबून चाकाचा नि गोळीचा वेग मोजायचा. गोळी चाकाच्या आठ भागांपैकी कुठल्या भागात पडेल ते कानातल्या सुरावरून कळायचं. भाकीत जमत होतं. दगा दिला तो कानाकडे जाणाऱ्या केसाएवढ्या तारेनं, ती सारखी तुटायची. आता अशा यंत्रांवर अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात (लास व्हेगास तिथलंच) कायद्यानंच बंदी आहे.

संगणकावरच्या रुलेटमध्ये ना चाक ना गोळी, आकडा प्रोग्राम काढतो; तिथे वाचायला काहीच उरत नाही. तरीही खेळायचंच असेल तर एकच शून्य असलेलं आणि ‘ला पार्ताज’ नियमाचं टेबल शोधा. शून्य आलं तर लाल-काळ्यावरची अर्धी रक्कम परत मिळते, आणि कॅसिनोचा वाटा 1.35 टक्क्यांवर येतो.