'आशंका'मध्ये आशा नाहीये, कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. 'आशंका = आशा + शंका. मनात शंका असली तरी आपली भाषा आशेला पुढे ठेवते! म्हणून डॉक्टर आशंका म्हणाले तर घाबरू नका, ते तुम्हाला आशाच देतायत. असा शब्द जगात कुठेच नाही. परकीय दहशत सोडा, आशंका म्हणा.' खाली हात जोडलेले आणि दिवा.

मी एरवी सोडून दिलं असतं. पण माझी मावशी इंदूरला असते, तिच्या गळ्याजवळ गाठ आलीय, तिथले डॉक्टर हिंदीत म्हणाले 'गड़बड़ी की आशंका है, बायोप्सी करवा लीजिए', आणि मावशी तीन आठवडे शांत बसून राहिली कारण ग्रुपवर आलं होतं की आशंका म्हणजे आशा आहे. मला हे परवा फोनवर कळलं आणि तेव्हापासून डोकं शांत झालेलं नाहीये, म्हणून हे लिहितेय.

आधी तो डॉक्टरांचा मुद्दा, कारण तोच सगळ्यात घातक आहे. हिंदीत आशंका हा शब्द वाईट गोष्टीसाठीच येतो. 'बाढ़ की आशंका', 'हमले की आशंका'. चांगलं काही होणार असेल तर 'संभावना' म्हणतात, 'पास होने की आशंका' असं कोणीच म्हणत नाही. म्हणजे डॉक्टर हा शब्द वापरतात तेव्हा ते सांगत असतात की काहीतरी वाईट असू शकतं, लवकर तपासा. नेमका उलटा अर्थ लावून माणूस घरी बसला तर त्याची जबाबदारी मेसेज बनवणारा घेणार आहे का?

आता फोड. आशा आणि शंका जोडले तर शब्द 'आशाशंका' होईल. आशाभंग, आशावाद, आशाकिरण, कुठे 'शा' गळाला का? संस्कृतात असा कुठलाच संधी नाही की मधला अख्खा 'शा' नाहीसा व्हावा. इथला 'आ' हा साधा उपसर्ग आहे, आरंभ, आगमन, आदर यातला. मूळ धातू शंक्, धातुपाठात म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत सरळ 'शकि शङ्कायाम्', म्हणजे शंका या अर्थी, असा दिलाय.

आणि पुरावा हवा तर कालिदास घ्या. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताला शकुंतला आवडलीय पण ती ऋषिकन्या असेल तर लग्न शक्य नाही ही धास्ती. मग कळतं की ती विश्वामित्र आणि मेनकेची मुलगी, तेव्हा तो स्वतःच्या हृदयाला म्हणतो, 'भव हृदय साभिलाषं', आता खुशाल अभिलाषा धर, आणि पुढे 'आशङ्कसे यदग्निं तदिदं स्पर्शक्षमं रत्नम्', ज्याला तू आग समजून भीत होतास ते हात लावता येईल असं रत्न निघालं. नीट बघा, इथे 'आशङ्कसे' हे क्रियापद आहे, त्यात आशा हे नाम बसवायला जागाच नाही. आणि अभिलाषा वेगळ्या शब्दात आलीय, तीही आशंका फिटल्यावर.

जगात कुठेच नाही म्हणे. भाषाशास्त्रज्ञ या शंक् धातूचा संबंध लॅटिनमधल्या 'कुंक्तारी' म्हणजे कचरणे, रेंगाळणे याच्याशी आणि इंग्रजी 'हँग'शी लावतात. शत, लॅटिन केंटुम आणि इंग्रजी हंड्रेड यांच्यात श-क-ह असा जो बदल दिसतो तोच इथे. मूळ अर्थ लटकणे, अधांतरी असणे. आपण 'जीव टांगणीला लागला' म्हणतो ना, अगदी तेच! मला तर हे त्या खोट्या फोडीपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

दहशत अरबीतून फारसीमार्गे आलाय हे खरं. म्हणून टाकायचा? मग कागद, दुकान, जमीन पण टाका. आणि भीतीसाठी धाकधूक, धडकी असे छातीतल्या आवाजावरून आलेले शब्द आपल्याकडे आहेतच की.

एक गोष्ट मान्य करते. आशंकेत दरवेळी भीती असतेच असं नाही. शास्त्रग्रंथांत समोरच्याने घेतलेल्या आक्षेपालाही आशंका म्हणतात, आणि मराठीत आपण नुसत्या संशयासाठीही वापरतो. तेवढी मोकळीक त्या शब्दात आहे. पण संशय म्हणजे आशा नव्हे.

मावशीला हे सगळं फोनवर सांगितलं, कालिदासासकट. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'मग तारीख घे बाई.' गुरुवारची मिळालीय, मी बुधवारी रात्रीच निघतेय.