‘मागून दोन इंच लो करा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ठाणे-नवी मुंबईच्या गाडीवाल्यांत सध्या एक सल्ला जोरात फिरतोय. कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच चढवलेली, उंची बदलता येणारी स्प्रिंग बसवलेल्या स्पोर्ट्स कारची मागची बाजू दोन इंच लो करा. गाडी रस्त्याला चिकटते, स्प्रिंग कडक होते. एक बाजू झुकलेली दिसली तर तेवढ्याच बाजूची कॉलर, म्हणजे स्प्रिंग टेकते ती आट्यांची कडी, फिरवा. अलाइनमेंटची गरज नाही. कॉइलओव्हर परवडत नसतील तर स्प्रिंग कापा, आरटीओ कोण विचारतंय?

‘चिकटते’ यात थोडं तथ्य आहे. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं, आणि गुरुत्वमध्य जितका खाली तितकं ते कमी सरकतं. पण हिशोब मांडा. फक्त मागची बाजू ५० मिमी उतरवली तर गुरुत्वमध्य साधारण निम्मा, म्हणजे २५ मिमी उतरतो. तो जमिनीपासून ५० सेंमीवर धरला तर फायदा झाला ५ टक्के. त्या बदल्यात चाकाला वर जायला असलेली जागा दोन इंचांनी घटली. घोडबंदर रोडच्या खड्ड्यात शॉकअप थेट बंपस्टॉपवर, म्हणजे हालचाल अडवणाऱ्या शेवटच्या ठोकळ्यावर आदळणार. हेच भर वळणात झालं तर मागची बाजू एकदम कडक होते आणि शेपूट सुटते. चिकटायचं राहिलं बाजूला.

कडक होण्याचा दावा तर स्वतःच्याच पायात पाय घालून पडतो. गाडी खाली घ्यायला कॉलर खाली उतरवतात, म्हणजे स्प्रिंगवरचा दाब सैल करतात. मग ती कडक कशी होईल? आणि कॉलर वर चढवली तरी साध्या स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. तो ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांच्या संख्येवर. कॉलर फार उतरवली की जॅकवर चाक लटकताना स्प्रिंग खुळखुळते, तेवढंच हाती लागतं. शिवाय कॉलर १० मिमी फिरवली म्हणजे गाडी १० मिमी उतरली असंही नाही. स्प्रिंग चाकापासून आत बसवलेली असेल, चाक १० मिमी हललं की स्प्रिंग ७ मिमी हलत असेल (गुणोत्तर ०.७), तर चाकाशी फरक १४ मिमीचा पडतो.

सगळ्यात घातक सल्ला एका बाजूची कॉलर फिरवण्याचा. चार पायांच्या टेबलाचा एक पाय लांब केला की टेबल त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर उभं राहतं. मागची डावी बाजू उचलली की मागचं डावं आणि पुढचं उजवं चाक जास्त वजन घेतं, उरलेली दोन हलकी होतात. दिसायला गाडी सरळ. पण डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरीच. म्हणून काटेकोर काम करणारे चारही चाकांखाली वजनकाटे ठेवतात. गाडी झुकलेली दिसते तेव्हा आधी जमीन तपासावी. सोसायटीच्या पार्किंगला पाण्यासाठी उतार दिलेला असतो!

१९८०च्या दशकापर्यंतच्या, हवेवर थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ला मागे कॉइल स्प्रिंग नव्हतीच, टॉर्शन बार होता, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता पुढे आणि बाहेर एक मागे घेतला की कोन जेमतेम ०.८ अंशाने बदलायचा. उंचीच्या एवढ्या बारकाव्यासाठी तिथे ही खटपट, आणि इथे ‘दोन इंच’.

अलाइनमेंट लागतेच. मागे मल्टिलिंक, म्हणजे चाक अनेक दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन असेल तर गाडी उतरताच चाकाचं वरचं टोक आत झुकतं, टो, म्हणजे वरून पाहताना चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन, तोही हलतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. बाहेरून नवा दिसतो, म्हणून कुणी बघत नाही.

सल्ल्यात नसलेली गोष्ट म्हणजे हेडलाइट. चाकांमधलं अंतर २.५ मीटर धरा. मागून ५० मिमी खाली म्हणजे नाक २ टक्के वर. लो बीमला मुळात उतार असतो साधारण १ टक्क्याचा. तो संपून प्रकाश १ टक्का वर चढतो आणि २५ मीटरवर मूळ जागेपेक्षा ५० सेंमी उंच पडतो. आणखी पुढे तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हे भयंकर आहे.

स्प्रिंग कापण्यावर फार बोलायला नको. वेढे कमी झाले की ती कडक होते खरी, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गॅसने कापली तर पोलादाचं पाणी उतरतं. आरटीओचं म्हणाल तर गाडीतल्या बदलांवर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीत न बसणाऱ्या दर बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पकडत नाहीत म्हणजे चालतं, असं नव्हे.

उंची बदलायचीच असेल तर १०-१५ मिमीवर थांबा. हबच्या, म्हणजे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा, म्हणजे टायरची झीज आणि हवा हिशोबात येत नाही. टाकी अर्धी आणि सीटवर चालवणाऱ्याच्या वजनाइतकं ओझं ठेवा. जॅकवरून उतरवल्यावर गाडी पुढे-मागे ढकलून बसू द्या. लगेच मोजलेली उंची खोटी असते. आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, रबरी बुशचे बोल्ट सैल करून, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच कसा. लटकत्या चाकावर कसले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग अलाइनमेंट, आणि शेवटी भिंतीसमोर गाडी उभी करून हेडलाइट.