शोध सत्ताविसाव्या महिन्यात लागेल

तुमच्या डोक्यात संशोधनाची एक चांगली कल्पना आहे आणि आता तिच्यासाठी निधी शोधायचा आहे, असं असेल तर तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात करताय. आधी यंदा पैसा कशाला आहे ते बघा. कल्पना मागाहून सुचतात, डेडलाइन जवळ आली की भराभर सुचतात. तुम्ही आयुष्यभर बेडकांच्या आवाजावर काम केलं असेल आणि यंदाचा निधी हवामानबदलाला असेल, तर बेडूक इतकी वर्षं तापमानवाढीबद्दलच बोलत होते. पुढच्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेची घोषणा झाली की त्याच बेडकांचा डेटासेट होतो. बेडकांची हरकत नसते.

शीर्षक मात्र जपून. अमेरिकेत विल्यम प्रॉक्समायर नावाचे सिनेटर १९७५ पासून जनतेच्या पैशाच्या उधळपट्टीबद्दल ‘गोल्डन फ्लीस’ नावाचा पुरस्कार जाहीर करत असत, आणि त्याचा पहिला मान माणसं प्रेमात का पडतात या अभ्यासाला पैसे देणाऱ्या संस्थेला मिळाला. तेव्हा शीर्षक असं ठेवा की राजकारण्याला ते वाचून हसू येणार नाही, कारण ते त्याला कळणारच नाही.

आता मुद्द्याचं. आपण पुढे काय करणार आहोत ते प्रस्तावात लिहायचं असतं, असा नवख्यांचा भाबडा समज असतो. प्रस्तावात जे करून झालंय ते लिहायचं, फक्त क्रियापदं भविष्यकाळात घालायची. निधी देणाऱ्यांना धाडसी, चाकोरीबाहेरचं, आजवर कुणी न केलेलं संशोधन अगदी मनापासून हवं असतं. ते यशस्वी होणारच याचा पुरावा तेवढा सोबत जोडायचा. या पुराव्याला ‘प्राथमिक निष्कर्ष’ म्हणतात. ते काढायला माणसं, उपकरणं आणि रसायनं लागतात, म्हणजे पैसे लागतात. हे पैसे आधीच्या अनुदानातून येतात. आधीचं अनुदान त्याच्याही आधीच्या अनुदानातल्या निष्कर्षांवर मिळालेलं असतं. सगळ्यात पहिलं कुठून आलं, हे विचारणं सभ्यपणाचं लक्षण नव्हे.

ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळतं, या रीतीला समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली, विज्ञानातल्या श्रेयाबद्दल लिहिताना, बायबलमधल्या वचनावरून ‘मॅथ्यू इफेक्ट’ असं नाव दिलं. पुढे नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या अर्जांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कटऑफच्या जेमतेम वर राहिलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत जेमतेम खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला होता. दोघांच्या गुणांत फरक नावापुरता. खाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं, हेही त्यामागचं एक कारण निघालं. यातून घ्यायचा धडा अगदी सोपा आहे: कटऑफच्या वर राहा.

मग येतो तक्ता. हेन्री गँट या अभियंत्याच्या नावाचा हा पट्ट्यापट्ट्यांचा तक्ता कारखान्यातल्या कामाचा हिशोब ठेवायला उपयोगी पडला, म्हणजे किती नग कधी तयार होतील ते सांगायला. तुम्हालाही तेच सांगायचंय. पहिले सहा महिने साहित्याचा आढावा, अठराव्या महिन्यापर्यंत प्रयोग, सत्ताविसाव्या महिन्यात शोध, तिसाव्यात त्याचा समाजाला लाभ. ‘काय सापडेल ते सांगता येत नाही, म्हणून तर शोधतोय’ हे वाक्य कितीही खरं असलं तरी कुठल्याच रकान्यात बसत नाही. अर्नो पेंझिअस आणि रॉबर्ट विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांना १९६४ च्या सुमाराला आपल्या अँटेनात एक न जाणारी खरखर ऐकू येत होती. कबुतरांच्या विष्ठेचा संशय घेऊन त्यांनी अँटेना आतून साफ केली, तरी खरखर राहिलीच. ते विश्वाच्या जन्मापासून उरलेलं प्रारण होतं. १९७८ साली नोबेल मिळालं, सगळं ठीक आहे. पण ‘वर्क पॅकेज तीन: कबुतरांची घाण काढणे, फलित: महास्फोटाचा पुरावा’ असं त्यांना आधी लिहून देता आलं असतं का? नियोजनाचा अभाव, दुसरं काय.

जोखमीचाही एक रकाना असतो. तो रिकामा सोडू नका, उद्धटपणा वाटतो. ‘उपकरण उशिरा येईल’ ही उत्तम जोखीम आहे. ‘आमचं गृहीतकच चुकीचं निघेल’ ही जोखीम नव्हे, आत्महत्या आहे.

भाषेबाबत हात आखडता घेऊ नका. १९७४ ते २०१४ या काळातल्या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सारांशांत स्तुतीपर विशेषणं किती वाढली, हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मोजलं. सुरुवातीच्या वर्षांत अशी विशेषणं २ टक्के सारांशांत होती, २०१४ पर्यंत ती १७.५ टक्क्यांत दिसू लागली. याच वेगाने गेलो तर २१२३ साली ‘नॉव्हेल’ (म्हणजे अभिनव) हा शब्द प्रत्येक सारांशात असेल, असंही गणित त्यांनी मांडलं. तेवढं थांबायचं कशाला? तुमच्या बेडकांना आजच अभूतपूर्व करून टाका.

फॉन्ट, समास आणि पानांची मर्यादा यांना मात्र विज्ञानापेक्षा जास्त मान द्या. चुकलेला सिद्धांत पुढच्या निबंधात दुरुस्त करता येतो, चुकलेला समास पोर्टल स्वीकारत नाही. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलने कित्येक अर्ज अपात्र ठरवले, का, तर अर्जात प्रीप्रिंटचा, म्हणजे तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या निबंधाचा, उल्लेख होता. त्यात भौतिकशास्त्रज्ञही होते, ज्यांच्या क्षेत्रात नवं काही वाचायचं म्हणजे प्रीप्रिंटच वाचायचा. आरडाओरडा झाल्यावर नियम बदलला. म्हणजे नियमही प्रयोगाने सुधारतात. प्रयोग कुणावर होतो एवढाच प्रश्न.

सगळं नीट केलंत की प्रस्ताव तज्ज्ञ परीक्षकांकडे जातो. इथे निर्धास्त असा. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थकडे आलेले २५ अर्ज, पुढे ज्यांना निधी मिळालाच होता असे, ४३ अनुभवी परीक्षकांना पुन्हा वाचायला देण्यात आले. २०१८ मध्ये निकाल आला: एकाच अर्जाला दोघांनी दिलेले गुण जेवढे जुळत होते, तेवढेच दोन वेगळ्या अर्जांचेही जुळत होते. तुमचा पहिला परीक्षक लिहील की व्याप्ती फारच मोठी आहे, दुसरा लिहील की महत्त्वाकांक्षा कमी पडते. दोघांच्याही सूचना पुढच्या अर्जात सामावून घ्यायच्या असतात. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका योजनेत पात्र अर्जांमधून चक्क चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. मला ही पद्धत पसंत नाही. चिठ्ठीत नाव आलं नाही तर नशीब म्हणावं लागतं. तज्ज्ञांनी नाकारलं की निदान चार पानी अपमान तरी हातात पडतो.

वेळ वाया गेला म्हणून हळहळू नका, तुम्ही एकटे नाही. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय संशोधन निधीसाठी ३,७२७ प्रस्ताव आले. ते लिहिण्यात मिळून सुमारे ५५० मनुष्य-वर्षं गेल्याचा अंदाज आहे. मंजूर झाले साधारण पाचातला एक. बाकीच्यांची चारेक शतकं ड्राफ्ट फोल्डरमध्ये आहेत. अशा वेळी कुणीतरी तुम्हाला जैवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांची गोष्ट सांगेलच: एमआरएनए या रेणूवरच्या कामाला अनुदान मिळेना, १९९५ मध्ये विद्यापीठाने खालच्या पदावर आणलं, आणि २०२३ साली त्याच कामावर नोबेल. गोष्ट खरी आहे. ती सांगणाऱ्याकडे बहुधा अनुदान असतं.

समजा, मिळालं. रकमेत कपात होईल, उद्दिष्टांत होणार नाही. ओव्हरहेड म्हणून संस्था आपला वाटा काढून घेईल आणि अभिनंदनाचा फलक लावेल. आता कामाला लागायचं, पण कोणत्या? प्रस्तावातलं काम तर अर्ज करण्याआधीच झालेलं आहे. म्हणून अंतिम अहवालात सगळी उद्दिष्टं वेळेत साध्य झाली असं बिनदिक्कत लिहा, त्यात खोटं काहीच नाही. मधली तीन वर्षं तुम्हाला जे खरोखर शोधायचंय ते याच पैशात, फारसा गाजावाजा न करता शोधा. पुढच्या अर्जाला तेच लागणार आहे. हिशोब तपासताना कुणी विचारलंच, की हे उपकरण मंजूर यादीत कसं दिसत नाही, तर संशोधनाला अनपेक्षित वळण मिळालं म्हणून सांगा. साऱ्या कागदपत्रांत ही एवढी एकच जागा आहे, जिथे अनपेक्षित काही घडलं तर चालतं.