चूर्ण खाऊन टी-पेशी ल्युकेमिया ओळखू लागत नाहीत

‘शरीरातल्या प्रतिकारक पेशीच रक्ताचा कर्करोग संपवतात हे सिद्ध झाले आहे, तेव्हा केमो थांबवा आणि प्रतिकारशक्ती वाढवा’ अशा आशयाचा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. कार-टी या उपचाराचा दाखला देत तो पुढे म्हणतो की प्रतिकारशक्ती चूर्णाने वाढते, या उपचारात केमो लागत नाही, त्यात ‘एचआयव्ही टोचतात’, तो ‘शंभर टक्के आणि निर्धोक’ आहे आणि तरीही तो ‘दडपून ठेवला’ आहे. ज्यांच्या मुलाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, औषधांना दाद देईनासा झाला आहे अशा एका नातेवाइकांनी हा मजकूर मला पाठवून पुढची केमो टाळावी का असे विचारले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सर्वांत घातक मुद्दा प्रतिकारशक्ती वाढवण्याचा. बी-पेशींचा तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा मुळात प्रतिकारक पेशींचाच कर्करोग आहे; बी-पेशी आणि टी-पेशी या रक्तातल्या प्रतिकारक पांढऱ्या पेशींच्या दोन जाती. बिघडलेल्या पेशी शरीराच्या स्वतःच्याच असल्यामुळे टी-पेशींना त्या सहसा परक्या वाटत नाहीत, आणि टी-पेशींची नुसती संख्या वाढवून ही ओळख पटत नाही. मजकुराने ज्याचा आधार घेतला आहे त्या कार-टी उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक घालतात आणि त्यामुळे कर्करोगाच्या बी-पेशींवरचे सीडी19 हे प्रथिन हेरणारा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ते पकडणारा रेणू) त्यांच्या पृष्ठभागावर तयार होतो. चूर्ण खाऊन तो तयार होत नाही. शिवाय सीडी19 निरोगी बी-पेशींवरही असते, त्यामुळे त्याही मारल्या जातात आणि अनेक रुग्णांना इम्युनोग्लोब्युलिन (बी-पेशींपासून मिळणारी, संसर्गाशी लढणारी प्रतिपिंडे) बाहेरून द्यावे लागते. म्हणजे उपचार लागू पडला की प्रतिकारशक्तीचा एक भाग चक्क घटतो.

केमो लागत नाही, हेही खोटे. पेशी तयार होईपर्यंत रोग आटोक्यात ठेवायला बहुधा केमोच देतात, आणि त्या शरीरात सोडण्याआधी फ्लुडाराबिन व सायक्लोफॉस्फमाइड देण्याची पद्धत आहे. ही दोन्ही केमोचीच औषधे.

‘एचआयव्ही टोचतात’ या वाक्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जनुक पेशीत नेणारा वाहक अनेकदा त्या विषाणूपासून बनवलेला असतो. पण स्वतःची संख्या वाढवण्याची त्याची क्षमता काढून टाकलेली असते आणि त्यातून एड्स होत नाही.

राहिला ‘शंभर टक्के आणि निर्धोक’ हा दावा. 2018 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच उपचाराच्या एलियाना चाचणीत रोग उलटलेली किंवा औषधांना न जुमानणारी मुले व तरुण होते. नोंदवलेल्या 92 जणांपैकी 75 जणांनाच पेशी देता आल्या. त्यांतल्या 81 टक्क्यांमध्ये तीन महिन्यांत रोग दिसेनासा झाला, ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. मात्र उपचार न फसता, रोग न उलटता आणि मृत्यू न येता बारा महिने पार पडण्याचे प्रमाण 50 टक्क्यांच्या आसपासच राहिले. काहींमध्ये कर्करोगाच्या पेशी सीडी19 टाकून देतात आणि मग ग्राहकाला पकडायला काही उरत नाही. 77 टक्के रुग्णांना सायटोकाइनचा (प्रतिकारक पेशी सोडतात त्या संदेशवाहक प्रथिनांचा) उद्रेक झाला, ज्यात तापापासून रक्तदाब कोसळण्यापर्यंत काहीही होऊ शकते आणि कधी अतिदक्षता विभागही गाठावा लागतो.

उपचार ‘दडपून ठेवला’ म्हणावे, तर अमेरिकेत त्याला ऑगस्ट 2017 मध्येच उघड मान्यता मिळाली. मुलाच्या ल्युकेमियावर सीडी19 आहे का आणि त्याला हा उपचार देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे; तोवर ठरलेली केमो चुकवू नये, कारण या काळात रोग वाढला तर पेशी तयार असूनही त्या देणे अशक्य होऊ शकते.