झिप टायवर टेकलेली कॉइल : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

भाऊ, नमस्कार.

बाहेरच्या कंपनीच्या इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी हजारो व्होल्ट तयार करून देणारा भाग) बसवण्याबद्दल मी लिहिलं, ते तुम्हाला पटलं नाही. मी लोकांना उगाच घाबरवतो आणि शोरूमची तळी उचलतो, असं तुमचं म्हणणं. तुम्ही नागपुरात मानेवाड्याच्या एका गॅरेजमध्ये लाल रंगाच्या, डब्यावर '६०,००० व्होल्ट' छापलेल्या चार कॉइल बसवून घेतल्या, सोबत चारही प्लग बदलले, आणि पिकअप वाढला. तीन नंबरच्या कॉइलचं भोक बोल्टाशी जुळेना, तर मिस्त्रीने कॉइलचा कान (बोल्टाचं भोक असलेली कड) घासला, तरी जुळेना म्हणून झिप टाय (प्लास्टिकची आवळपट्टी) मारला आणि म्हणाला, "काही नाही होत भाऊ, मस्त चालते." तेव्हापासून गाडी चालू आहे. "चार बोल्ट आणि दहा मिनिटांचं काम, त्यावर एवढा निबंध कशाला?" असं तुम्ही विचारलंत. अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ लिहिलीत : दुपारी ट्रॅफिकमध्ये सीएनजीवर गाडी जराशी मिसिंग करते (मध्येच ठिणगी चुकून झटके देते), पण तो गॅसचा दोष असावा.

या शेवटच्या ओळीमुळेच मी हे लांबलचक उत्तर लिहितोय.

शोरूमचं आधी संपवतो. गाडीच्या कंपन्या बहुतेक कॉइल स्वतः बनवत नाहीत. बॉश, डेन्सो अशा कंपन्या त्या बनवून देतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. असा माल बाजारातून, पक्क्या बिलावर, पार्ट नंबर जुळवून घेतला तर माझी काहीच हरकत नाही. उलट पैसे वाचतात. हरकत आहे ती फक्त दिसायला सारख्या असलेल्या कॉइलला.

आता ते ६०,००० व्होल्ट. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेचे दोन वेढे असतात, एक जाड तारेचा आणि एक केसासारख्या बारीक तारेचा. ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) जाड वेढ्यात क्षणभर करंट सोडतो आणि झटकन तोडतो. तोडताना त्या वेढ्यात तीन-चारशे व्होल्टचा धक्का बसतो आणि बारीक वेढ्यात तो जवळपास शंभरपट होतो. पण हे व्होल्टेज एका झटक्यात वरच्या आकड्यावर जात नाही, ते चढत जातं, आणि चढता चढता प्लगच्या फटीतून ठिणगी पडली की तिथेच थांबतं. अंबाझरी तलावाची भिंत कितीही उंच केली तरी पाणी सांडव्याच्या पातळीला आलं की वाहू लागतं, तसं. तुमच्या इंजिनाला ठिणगीसाठी पंधरा हजार व्होल्ट लागत असतील तर तीस हजारवाली कॉइल पंधरा हजारच देणार आणि साठवालीही पंधरा हजारच. डब्यावरचा आकडा खरोखर गाठला जातो तो ठिणगीला वाट मिळत नाही तेव्हा. म्हणजे चालू इंजिनावर मिस्त्री कॉइल वर ओढून "करंट येतोय का बघू" म्हणतो, तेव्हा. त्या वेळी तो दाब कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनवर पडतो आणि तिथे एकदा सूक्ष्म भोक पडलं की कॉइल त्याच वाटेने मरते. तपासायचंच असेल तर कपलर (कॉइलला येणाऱ्या वायरींचा जोड) काढून तपासावं, कॉइल उपटून नव्हे.

मग पिकअप कुठून आला? माझ्या मते नव्या प्लगांमुळे. प्लगचा टोकाचा धातू झिजतो, फट रुंदावते, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि जोर दिला की एखादी ठिणगी चुकते. नवे प्लग टाकल्यावर गाडी मोकळी होणारच. जुन्या कॉइल ठेवून फक्त प्लग बदलले असते तरी बहुधा तोच फरक जाणवला असता, आणि तो खर्च कितीतरी कमी होता.

दुसरी गोष्ट करंटची. ईसीयू कॉइलला किती वेळ भरायचं हे आधीच ठरलेलं असतं, साधारण दोन ते चार मिलिसेकंद, आणि ते गाडीच्या मूळ कॉइलचा हिशोब धरून. बाहेरच्या कॉइलच्या वेढ्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) आणि इंडक्टन्स (करंट किती झटकन चढतो ते ठरवणारा गुण) वेगळा असला तर तेवढ्याच वेळात करंट सहा-सात अँपिअरऐवजी बराच वर जाऊ शकतो. त्यातून ठिणगी वाढत नाही. कॉइलचा गाभा भरून जातो आणि वरचा सगळा करंट उष्णता होऊन बाहेर पडतो. करंट तोडणारा ट्रान्झिस्टर काही गाड्यांत कॉइलच्या डोक्यात असतो, काहींत ईसीयूमध्ये. ईसीयूमध्ये असेल तर स्वस्त कॉइलची किंमत ईसीयू मोजतो. कपलरची पिन बसली म्हणजे कॉइल जुळली, असं नसतं.

आणि आता तो टाय. माझं सगळ्यात जास्त भांडण त्याच्याशीच आहे.

कॉइलचा तो एक बोल्ट कॉइल नुसती पडू नये म्हणून दिलेला नसतो. तो कॉइलला खाली दाबून धरतो. कॉइलच्या दांड्यात स्प्रिंग असते, ती प्लगच्या डोक्यावर टेकते. भोवती रबरी बूट असतो, तो प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला घट्ट आवळतो. आणि वर, प्लग ज्या खोल नळीत बसतो तिच्या तोंडावर, रबराची सील असते. तिन्ही गोष्टी त्या दाबावर चालतात. टाय आडवा ओढतो, खाली दाबत नाही. शिवाय साधा नायलॉन टाय कायमचा साधारण ८५ अंशांपर्यंतच तग धरतो, आणि टॅपेट कव्हरखाली (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखाली) उसळणारं इंजिन ऑइल त्याहून गरम असतं. टाय आधी सैल होतो, मग ठिसूळ होऊन तुटतो.

कॉइल काही मिलिमीटर वर उचलली गेली की स्प्रिंग प्लगपासून सुटू शकते. गाडी बंद पडत नाही, हीच तर फसवणूक. ठिणगी तेवढी फट उडी मारून ओलांडते. म्हणजे आता ठिणगी दोन ठिकाणी पडते, एक सिलिंडरमध्ये आणि एक बुटाच्या आत. आतली ठिणगी स्प्रिंगचं टोक खाते, बुटाचं रबर करपवते. असा बूट उलटा करून उजेडात धरलात की आतून एक बारीक काळी रेघ दिसते, पेन्सिलीने ओढल्यासारखी, आणि तिच्याच जोडीची दुसरी रेघ प्लगच्या पांढऱ्या अंगावर वरपासून षटकोनी भागापर्यंत उतरलेली असते. ती रेघ म्हणजे कार्बन. पुढे ठिणगी फटीत जाण्याऐवजी त्या रेघेवरून थेट हेडवर (प्लग ज्यात बसतो त्या इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागावर) उतरते. एकदा रेघ पडली की नुसता प्लग बदलून भागत नाही. नव्या प्लगवर जुना बूट बसवला की काही दिवसांत त्यावरही तीच रेघ उमटते. दोन्ही बदलावे लागतात.

वरची सील नीट बसली नसेल तर पाणी आत जातं. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात अंबाझरी लेआउटसारख्या भागात उभ्या उभ्या बुडालेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. पण पुराचीच वाट बघावी लागत नाही. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून मारलेला प्रेशरचा फवाराही प्लगच्या नळीत पाणी भरायला पुरतो.

आता तुमची दुपारची मिसिंग. ती गॅसच्या माथी मारू नका. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे इग्निशनमधली कमजोरी पेट्रोलवर झाकली जाते आणि सीएनजीवर उघडी पडते. त्यात तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो. २५ अंशांवरून १०० अंशांवर गेलं की जवळपास तीस टक्क्यांनी. म्हणजे कॉइल तापल्यावर तिच्यात भरला जाणारा करंट कमी होतो. सकाळी गाडी लोण्यासारखी चालणार आणि दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलवर, बाहेर ४५ अंश आणि बॉनेटखाली विचारूच नका, तेव्हा मिसिंग मारणार. तुम्ही लिहिलेलं लक्षण या चित्राशी तंतोतंत जुळतं.

आणि मिसिंगकडे दुर्लक्ष करू नका ही कळकळीची विनंती. न जळलेला गॅस सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतो, आतली जाळी वितळते, आणि त्या पार्टपुढे चार ओरिजिनल कॉइलची किंमत किरकोळ वाटते.

तेव्हा असं करा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गरम हेडमधून प्लग खोलू नका. इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. तीन नंबरचा टाय कापा, कपलरची क्लिप दाबून तो सोडवा, वायरला धरून ओढू नका. कॉइल आधी थोडी गोल फिरवा, बूट सुटला की सरळ वर काढा. नळीत तेल किंवा पाणी आहे का, बुटात आणि प्लगवर ती काळी रेघ आहे का, बघा. रेघ असेल तर विषय तिथेच संपला : त्या सिलिंडरला नवा प्लग आणि नंबर जुळणारी कॉइल. बसवताना बुटाच्या तोंडाशी आतून सिलिकॉन डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात द्या, स्प्रिंगला नको. बोल्ट आधी हाताने लावा, तो बिनतक्रार आत गेला पाहिजे. मग दहा नंबरच्या पान्याने बेताने आवळा. कव्हर प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं, जोर लावलात तर आटे जातात. पुन्हा एखाद्या कॉइलचा कान जुळला नाही, तर ती दुकानदाराला परत करा. घासायची नाही.

रेघ दिसली नाही तर तीन नंबरची कॉइल एक नंबरवर आणि एकची तीनवर लावा. तिचा घासलेला कान एकवरही बोल्ट घेणार नाही, म्हणून ही फक्त उभ्या गाडीवरची, थोड्या वेळाची चाचणी; कॉइल पूर्ण खाली दाबून बसवा आणि इंजिन चालू असताना तिला हात लावू नका. सीएनजीवर, एसी लावून, गाडी तापू द्या आणि स्कॅनर (ईसीयूमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावा. आधी P0303 (तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग) येत होता आणि आता P0301 (एक नंबरमध्ये मिसिंग) आला, तर दोष कॉइलसोबत सरकला. कोड तीनवरच राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा वायरिंग बघावं लागेल. काय निघतं ते इथेच खाली लिहा, शक्य झालं तर बुटाच्या आतल्या फोटोसकट.