घरी कूलर आला

मे महिन्यात एक भलंमोठं खोकं घरी आलं आणि मी ऑफिसातनं यायच्या आत आईनं शेजारच्या काकूंना सांगूनपण टाकलं की पोरानं एकदाचा कूलर घेतला. तिची काय चूक नाही, डिलिव्हरीवाल्यानं बॉक्सवरचं अर्धंच वाचून दाखवलं होतं. उघडलं तर आत ॲल्युमिनियमच्या जाळीची चपटी पेटी, ना पंखा ना पाण्याची टाकी.

"ह्याची वायर कुठाय रे?"

आता हिला इंटरकूलर कसा समजावायचा. म्हणलं, आपल्या जुन्या डिझेलला टर्बो आहे, तो धुराच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा दाबली की तापते, सायकलीत हवा मारताना पंपाचं बूड चटका देतं ना तसंच, फक्त इथं पारा शंभराच्या वर सहज जातो. तापलेली हवा विरळ होते, मग इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो. ती मधेच ह्या पेटीतनं फिरवून गार केली की तेवढ्याच जागेत जास्त हवा मावते आणि गाडी चढाला पळते.

आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे घरात माणसं उकडू देत, इंजिनाला वारा पायजे."

एका रविवारचं काम म्हणून बंपर उतरवला तो पुढचे चार रविवार हॉलमध्ये दिवाणावर पडून होता, पाहुणे आले की त्याला सरकवून बसायचे. पेटी बसवायला हॉर्न काढावा लागला, तो बसवला आत फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि आपल्यामधल्या पत्र्याजवळ, त्यामुळं आता हॉर्न मारला की समोरच्याच्या आधी आपणच दचकतो. पाइपाच्या वळणांसाठी लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून माप काढलं आणि एमआयडीसीतल्या एका आर्गन वेल्डिंगवाल्याकडनं अडीच इंची पाइप करून घेतले. तो बिचारा म्हणत होता, टोकाला गोल कड उठवून देतो, जोडाचा रबरी होज सटकणार नाही. मी म्हणलं राहू दे, क्लिपा चांगल्या आवळतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

मग लीकेज बघायचं. पीव्हीसीच्या टोपीला भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवला, ती टोपी टर्बोच्या तोंडाला आवळली आणि पंपानं हवा भरली. बायकोनं भांड्याच्या साबणाचं पाणी कालवून दिलं आणि आई ते मगानं जोडाजोडावर ओतत होती. मला काहीच दिसेना. आईलाच दिसलं, "हे बघ, तेलातल्या भज्यासारखं फसफसतंय." तो क्लॅम्प आवळेपर्यंत दुसरीकडं टोपीच फाट्टकन उडाली आणि वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडली. त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं.

शेवटी गाडी जोडून झाली. एक गोष्ट मात्र आधी कोण बोललं नव्हतं. ही पेटी बसते एसीची गरमी बाहेर टाकणाऱ्या जाळीच्या, म्हणजे कंडेन्सरच्या पुढं, म्हणजे त्याची हवा अडते आणि वर पेटीतल्या तापल्या हवेची धग त्याच्यावरच येते. गाडी पळायला लागली खरी, पण एसी नुसता फुंकर घालतोय.

तरी म्हणलं आईला फिरवून आणू. साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासनं यवतेश्वर घाटाला लागलो, काचा खाली, सेकंडला दाबली आणि काय ओढ राव, आईनं वरचं हँडलच धरलं. तिसऱ्या वळणावर फट्ट! ताकद गायब, मागं काळा धूर, मागचा बाइकवाला तोंडाला रुमाल बांधून शिव्या देत पुढं गेला. बिनकडेच्या पाइपावरनं होज सटकला होता, आत तेलाचा ओलावा म्हणजे सटकायला लोणीच.

बोनेट उघडून घामाघूम होऊन मी पाना शोधतोय. होजच्या आतनं हेअर स्प्रे मारला की चिकटतो हे मला माहीत होतं, पण तो बायकोच्या कपाटात. मागं बघतो तर आई कठड्यावर पदर सोडून निवांत बसलेली, कासकडनं वारा सुटलेला.

"सावकाश कर रे," म्हणाली, "इथं मस्त गार आहे."