ॲनिमलच्या मागचे हात

नमस्कार. ड्रमच्या एका सामन्यावरच्या माझ्या लेखाला तुमचे आक्षेप दोन. बडी रिचसारख्या जॅझ ड्रमरला 63व्या वर्षी ‘द मपेट शो’ या ब्रिटनमध्ये बनणाऱ्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमात ॲनिमल नावाच्या केसाळ बाहुल्याशी झुंजवणं म्हणजे पोरखेळ, हा पहिला. आणि बाहुला वाजवतच नाही, मग मी त्याला ‘जुगलबंदी’ कसं म्हटलं, हा दुसरा. आधी दुसरा घेतो.

बाहुला वाजवत नाही, कबूल. पण त्याच्या वाट्याचं कोणीतरी वाजवत होतंच. ॲनिमलला हलवायचे बाहुलीकार फ्रँक ऑझ आणि त्याचे ड्रम वाजवायचे रॉनी व्हेरेल, टेड हीथच्या इंग्लिश बिग बँडचे (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचे) जुने ड्रमर. 1951मध्ये व्हेरेल त्या बँडमध्ये आले ते जॅक पार्नेलच्या जागी. आणि मपेट शोचा वाद्यवृंद चालवायचे तेही हेच पार्नेल! म्हणजे 1981च्या त्या भागात रिचसमोर बाहुला होता, पण सामना होता रिच आणि व्हेरेल या बिग बँडच्या दोन पट्टीच्या ड्रमरांचा.

आता त्याच आक्षेपातल्या ‘बाहुल्याचे हात ठोक्याला जुळत नाहीत’ या मुद्द्याबद्दल. ते जुळणारच नाहीत. ब्रिटिश टीव्हीवर सेकंदाला 25 चित्रं दिसत. सेकंदाला 16 ठोक्यांचा रोल (सलग, भरभर ठोके) धरला तर एका ठोक्याच्या वाट्याला जेमतेम दीड चित्र येतं. तिथे जिवंत माणसाची स्टिकसुद्धा नुसती धूसर दिसते. त्यात बाहुला चालवणारा सेटच्या खाली, हात डोक्यावर धरून, समोरच्या मॉनिटरकडे बघत काम करतो. मॉनिटर म्हणजे आरसा नव्हे. आपण उजवीकडे हललो की पडद्यावर बाहुला डावीकडे जातो, आणि नवखे इथेच फसतात. म्हणून प्रत्येक ठोका पकडायच्या फंदात न पडता जोराचे आघात, सिंबल (झांज) आणि मानेचा झटका तेवढे अचूक पकडायचे. मान समेवर आली की मधले चुकलेले हात डोळा माफ करतो. एकदा आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून ऐका.

रिचचा डावा हात मात्र आवाज बंद करूनच बघण्यासारखा. स्टिक अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, खालून अनामिकेचा टेकू, आणि मनगट कुलपात किल्ली फिरवावी तसं फिरतं. उजवा हात वरून मारतो, डावा फिरवून. पकड इतकी वेगळी असून दोन्ही ठोक्यांचं वजन सारखं पडतं, ही खरी मेहनत.

आता पहिला आक्षेप. शेवटी ॲनिमल हरतो आणि स्नेअर हा छोटा ड्रम रिचच्या डोक्यावर आपटतो. तुम्हाला तो अपमान वाटला. मला वाटत नाही. रिच तान्ह्या वयापासून व्हॉडव्हिलच्या (नाच-गाणी-विनोदाच्या अमेरिकन खेळांच्या) रंगमंचावर ‘ट्रॅप्स, द ड्रम वंडर’ म्हणून वाजवत होता. लोकांना हसवणं हा त्याच्या तालमीचाच भाग. आणि असला विनोद सोपा नसतो. ड्रमवर ताणून बसवलेलं खरं प्लॅस्टिकचं पान डोक्याने फाटत नाही, मान मात्र दुखावते. अशा वेळी पान कागदाचं किंवा आधीच चिरलेलं लागतं, आणि टेक फसला की नवं बसवावं लागतं.

‘जुगलबंदी’ या शब्दावर मात्र तुमचं बरोबर आहे. जुगलबंदीत दोघं सोबतीने रचना वाढवतात. इथे एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने उचलायचं, म्हणजे सवाल-जवाब. तोही आपल्या पद्धतीचा नाही. तबल्यात समोरच्याचा तुकडा हुबेहूब परत करणं आलं, आणि सवाल चार मात्रा, दोन, एक असे आखूड होत जातात. जॅझमध्ये बहुधा चार-चार बार वाटून घेतात. एक बार बहुधा चार मात्रांचा, म्हणजे चार बारच्या 16 मात्रा, तीनतालाच्या आवर्तनाइतक्याच, फक्त ‘खाली’ (टाळी न देता दाखवायची जागा) नाही. त्या 16 मात्रांत काय वाजवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

रिच आणि तबला एकत्र ऐकायचेच असतील तर 1968ची ‘रिच आ ला राखा’ ही तबकडी ऐका. समोर मुंबईचे उस्ताद अल्लारखा आहेत.

मूळ लेखात ‘जुगलबंदी’ काढून ‘सवाल-जवाब’ केलं आहे. व्हेरेलचं नावही घातलं. ते पहिल्यापासून असायला हवं होतं.